महिना चार गुल्डेन : लांड्सक्नेख्ट सैनिकांचा रोजचा दिवस कसा शोधायचा?

'अमुक काळातील तमुक लोकांचे दैनंदिन जीवन' असं शीर्षक पीएचडीच्या सिनॉप्सिसवर छान दिसतं. मग मुलाखतीत समोरून एकच प्रश्न येतो, "साधनं कोणती?" आणि गाडी तिथेच अडते. राजाचा दिवस शोधणं त्या मानानं सोपं, त्याच्या जेवणाचेही हिशोब कुणीतरी ठेवलेले असतात. पण ज्या लोकांनी स्वतः फारसं लिहिलं नाही आणि ज्यांच्याबद्दल लिहिणाऱ्यांना त्यांचा राग तरी होता किंवा भीती तरी, त्यांचा दिवस कसा उभा करायचा?

आज यासाठी एक उदाहरण घेऊ : सोळाव्या शतकातले जर्मन भाडोत्री सैनिक, म्हणजे लांड्सक्नेख्ट. तुमचा विषय कोल्हापूरच्या गिरणी कामगारांचा असो किंवा पेशवाईतल्या कारकुनांचा, इथं दिसणाऱ्या अडचणी तुम्हालाही भेटणारच आहेत.

हे होते कोण?

'लांड' म्हणजे देश, मुलूख. 'क्नेख्ट' म्हणजे गडी, चाकर. पुढे काही जणांनी हा शब्द 'लान्स' म्हणजे भाल्याशी जोडला, कारण यांच्या हातात लांबलचक भाला असायचा. शब्दाचं मूळ मात्र 'मुलखाचा गडी' असंच आहे.

१४७७ मध्ये बर्गंडीचा ड्यूक चार्ल्स नान्सीच्या लढाईत मारला गेला. स्विस भालाईतांच्या पायदळानं त्याचं नामांकित सैन्य मोडून काढलं होतं. त्याची मुलगी मेरी हिच्याशी हाब्सबर्ग घराण्याच्या मॅक्सिमिलियननं त्याच वर्षी लग्न केलं. सासऱ्याची गादी टिकवायची तर स्विसांसारखंच पायदळ हवं, हे त्यानं ओळखलं. १४८० च्या दशकात त्यानं जर्मन मुलखातली माणसं त्या पद्धतीनं तयार करायला घेतली. साधारण चार ते पाच मीटर लांबीचा भाला, दाटीवाटीचा चौकोन आणि ढोलाच्या ठेक्यावर चालणारी पावलं. पुढची शंभरेक वर्षं युरोपातल्या जवळजवळ प्रत्येक मोठ्या लढाईत ही माणसं दिसतात, कधी कधी दोन्ही बाजूंना. २४ फेब्रुवारी १५२५ च्या पावियाच्या लढाईत फ्रान्सच्या राजाकडून लढणाऱ्या जर्मनांची 'काळी तुकडी' सम्राटाकडच्या जर्मनांनीच कापून काढली. त्यामुळे 'देशासाठी लढणारे' ही आपली आजची कल्पना इथं बाजूला ठेवा.

भरती : नाव, गाव, हत्यार

राजाकडे कायमची फौज नव्हती. युद्ध ठरलं की तो एखाद्या नावाजलेल्या सरदाराला कर्नल नेमून सनद द्यायचा. कर्नल कप्तान नेमायचा आणि कप्तान ढोल वाजवत गावोगाव फिरायचे. यायला तयार झालेल्याला वाटखर्चाचे पैसे मिळायचे आणि हजेरीची जागा सांगितली जायची.

हजेरीच्या ठिकाणी दोन परशू-भाले जमिनीत रोवून वर एक भाला आडवा टाकत आणि त्याचं दार करत. एकेकानं त्या दाराखालून जायचं. पलीकडे राजाचा माणूस आणि कारकून बसलेले असत. माणूस धडधाकट आहे ना, हत्यार चालतं आहे ना हे बघून यादीत नाव, गाव आणि पगार लिहिला जाई. हत्यार ज्याचं त्यानं आणायचं. (आपल्याकडे स्वतःचं घोडं आणि हत्यार आणणाऱ्याला शिलेदार म्हणत, ते आठवेल. कल्पना समजायला ही तुलना चालेल, पण प्रबंधात पुरावा म्हणून वापरू नका.)

या दाराचा उपयोग काय? कप्तानांना मेलेल्या, पळालेल्या किंवा मुळात नसलेल्या माणसांच्या नावावर पगार उचलायची सवय होती. एकच माणूस दोनदा मोजला जाऊ नये, भाड्यानं आणलेलं पोरगं सैनिक म्हणून खपू नये, यासाठी ही खबरदारी. म्हणजे आज आपल्याला मिळणारी हजेरीची यादी मुळात फसवाफसवीच्या संशयातून तयार झालेली आहे. यादीत ४०० नावं दिसली म्हणून मैदानात ४०० माणसं होती असं लिहून मोकळं होऊ नका.

हत्यार स्वतःचं आणायचं या अटीवरून आणखी एक गोष्ट कळते. भरती होणारे सगळेच भणंग नव्हते. कारागिरांच्या हाताखालचे तरुण, शेतकऱ्यांची जमीन न मिळालेली मुलं, शहरी घरांतली पोरं, अधूनमधून एखादा गरीब सरदारपुत्र, असे हे लोक होते. 'समाजाचा गाळ' हे वर्णन तेव्हाच्या धर्मोपदेशकांच्या लिखाणात भरपूर सापडतं, हजेरीच्या दारात त्याला फारसा आधार मिळत नाही.

पगार : महिना म्हणजे किती दिवस?

साध्या सैनिकाला महिना ४ गुल्डेन. अनुभवी, चिलखत असलेला, पहिल्या रांगांत उभा राहणारा असेल तर ८. त्याला 'दुप्पट पगारी' असंच नाव होतं. साधारण ४०० जणांच्या एका निशाणात असे शंभरेक असायचे.

आता हिशोब करू. दक्षिण जर्मनीत १ गुल्डेन म्हणजे ६० क्रॉयत्सर. ४ गुल्डेनचे २४० झाले. तीस दिवसांनी भागा, रोजचे ८ क्रॉयत्सर. त्यात जेवण, कपडे, हत्याराची डागडुजी, बायको-पोर असेल तर त्यांचं पोट. सुरुवातीच्या काळात कारागिराच्या मदतनीसाच्या तुलनेत ही रक्कम बरी होती. पण सोळाव्या शतकात युरोपभर किमती वाढत गेल्या आणि हा ४ गुल्डेनचा आकडा बहुतेक काळ तिथंच अडून राहिला. आजोबांना आणि नातवाला तोच पगार, पण भाकरी मात्र महागलेली.

इथं नवख्या संशोधकाकडून होणारी एक गफलत सांगतो. ४ गुणिले १२ करून 'वार्षिक उत्पन्न ४८ गुल्डेन' असं लिहू नका. मोहीम साधारण वसंतात सुरू होई आणि हिवाळा आला की फौज मोडली जाई. वर्षातले काही महिनेच पगार. उरलेल्या काळात काम न मिळालेला सैनिक गावोगाव भटकत खायला मागायचा, न दिल्यास दमदाटी करायचा. यासाठी जर्मनमध्ये 'गार्टेन' असं खास क्रियापदच होतं आणि अशा भटक्याला 'गार्टक्नेख्ट' म्हणत. त्यांच्याविरुद्धचे हुकूम शतकभर पुन्हा पुन्हा निघत राहिले. हुकूम पुन्हा पुन्हा निघतो याचा अर्थ तो पाळला जात नव्हता, हे ध्यानात ठेवा.

पगाराचा दुसरा पेच त्याहून मजेदार आहे. 'महिना' कधी संपतो? सैनिकांचं म्हणणं असं की मोठी लढाई जिंकली किंवा तटावर चढून शहर घेतलं की चालू महिना संपला आणि नवा सुरू झाला, म्हणजे पूर्ण पगार द्या. मालक म्हणे, दिनदर्शिका बघा. यावरून वाटाघाटी व्हायच्या, कधी बंड व्हायचं. सैनिक गोलाकार जमून आपली बाजू ठरवायचे आणि आपल्यातून निवडलेल्या माणसामार्फत ती वर पोचवायचे. म्हणजे आपण शूर योद्ध्यांइतकंच कंत्राटी मजुरांबद्दल बोलतो आहोत, आणि त्यांना करार नीट कळत होता.

तळ : बुणग्यांशिवाय फौज नाही

मराठीत 'बाजारबुणगे' हा शब्द आपण हिणवून वापरतो. जर्मनमध्ये त्याला 'ट्रॉस' म्हणत आणि तिथंही सूर तोच. पण ट्रॉस काढून टाकला तर फौज दोन दिवसांत उपाशी पडेल, अशी स्थिती होती.

फौजेकडे सरकारी भटारखाना नव्हता. आठ-दहा जणांचा एक गट, त्याचा निवडलेला एक प्रमुख. हा गट एकत्र राही, एकत्र शिजवी. धान्य, मांस, दारू फौजेबरोबर चालणाऱ्या विक्रेत्यांकडून घ्यायची. त्या बाजारावर 'प्रोफोस' नावाच्या अधिकाऱ्याची नजर असे. तो भावावर लक्ष ठेवी आणि आपला वाटाही घेई. हाच प्रोफोस तळावरचा पोलीस आणि तुरुंगाधिकारीही होता. मुक्कामाला घर मिळालं तर ठीक, नाहीतर फांद्या आणि पेंढ्याची खोपटी. रोगराई ही रोजचीच बाब. लढाईपेक्षा ताप आणि हगवणीनं जास्त माणसं जात.

बाया काय करत? सामान वाहत, शिजवत, कपडे धूत, जखमी आणि आजाऱ्यांची सेवा करत, सरपण आणि चारा आणत. लेओनहार्ट फ्रोन्सपेर्गर या अनुभवी माणसानं युद्धावर जाडजूड ग्रंथ लिहिला. त्यात स्त्रियांनी आणि पोरांनी तळावर करायच्या कामांची यादीच आहे, अगदी शौचखड्डे साफ ठेवण्यापर्यंत. यातल्या कित्येक बायका सैनिकांच्या लग्नाच्या बायका होत्या. तरी या ट्रॉसवर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्याचं पदनाम होतं 'हुरेनवाइबेल', म्हणजे वेश्यांवरचा अंमलदार. नुसतं पदनाम वाचून 'तळावर वेश्यांची गर्दी होती' असं लिहिलं तर आपण त्या काळच्या पुरुषांचा पूर्वग्रह जसाच्या तसा उतरवून घेतला. तीच कामांची यादी समोर ठेवली तर दिसतं की बिनपगारी श्रमावर ही फौज चालत होती. एकच ग्रंथ, पण प्रश्न बदलला की उत्तर बदलतं.

नियम उलटे वाचायला शिका

हजेरीनंतर सगळ्यांना गोल उभं करून नियमांचं पत्रक मोठ्यानं वाचून दाखवत आणि त्यावर शपथ घेत. त्याला 'आर्टिकेलब्रीफ' म्हणत. पुजारी, म्हातारे, स्त्रिया यांना हात लावायचा नाही. गिरण्या मोडायच्या नाहीत. पगार थोडा लांबला तरी काम सोडायचं नाही. परवानगीशिवाय सभा भरवायची नाही.

अशी पत्रकं मिळाली की आनंद होतो, कारण सगळं सुबक लिहिलेलं असतं. पण हे झालं 'कसं असावं' याचं साधन. 'कसं होतं' हे कळायला ते उलटं वाचावं लागतं. गिरण्या मोडू नका असं सांगावं लागतं, याचा अर्थ गिरण्या मोडल्या जात होत्या. सभा भरवू नका असं शपथेत घालावं लागतं, म्हणजे मालकांना सैनिकांच्या एकजुटीची धास्ती होती. मात्र यालाही मर्यादा आहे. पत्रकं एकमेकांवरून उतरवलेली असत. एखादा नियम जुन्या मसुद्यातून नुसता पुढे आलेलाही असू शकतो. म्हणून त्याच्या शेजारी खटल्याची नोंद, पत्र किंवा पगाराची वही ठेवल्याशिवाय निष्कर्ष काढायचा नाही.

शिक्षेची एक पद्धत सांगण्यासारखी आहे, 'लांब भाल्यांचा न्याय'. गुन्हा गंभीर असेल तर निकाल सैनिकांच्याच समुदायासमोर लागे. दोषी ठरला की भाले रोखून दोन रांगा उभ्या राहत आणि त्याला मधल्या वाटेनं जावं लागे, शेवटपर्यंत कुणी पोचत नसे. निकाल होईपर्यंत निशाण उलटं करून त्याचं टोक जमिनीत खुपसलेलं असे, कारण निशाणालाच कलंक लागलेला. नंतर सगळे गुडघे टेकून मेलेल्यासाठी प्रार्थना करत. ज्यांनी मारलं तेच प्रार्थना करतात. क्रूर म्हणून हे झटकून टाकण्याआधी विचार करा, स्वतःचा न्याय स्वतः करण्याचा हक्क या माणसांना का महत्त्वाचा वाटत असेल?

चित्रांतला लांड्सक्नेख्ट

तुम्ही गुगलवर शोधलंत तर सगळ्यात आधी दिसतील त्यांचे कपडे. फुगीर बाह्या, जागोजागी कापून आतलं रंगीत कापड बाहेर काढलेलं, एक पाय एका रंगाचा तर दुसरा भलत्याच, टोपीवर पिसांचा झुबका. १५५५ मध्ये आंद्रेआस मुस्कुलुस या लुथरन धर्मोपदेशकानं घोळदार विजारींविरुद्ध 'विजारीचा सैतान' असं पुस्तकच छापलं. न्युर्नबर्गमध्ये एरहार्ड श्योनसारख्या चित्रकारांनी सैनिकांची लाकडी ठशांची चित्रं काढली आणि हान्स झाक्स या कवी-चांभारानं अशा चित्रांखाली ओळी रचल्या. आल्टडोर्फरनं मॅक्सिमिलियनच्या 'विजययात्रा' या चित्रमालिकेत ट्रॉसही दाखवला.

ही चित्रं अमूल्य आहेत, पण ती विकण्यासाठी काढलेली होती. न्युर्नबर्गचा मध्यमवर्गीय गिऱ्हाईक ती विकत घेई, आणि त्याला भपका आणि भपक्याची नशा उतरल्यावरची दैना, दोन्ही बघायचं असे. फाटक्या सैनिकाचं चित्रसुद्धा उपदेश म्हणून येतं. कपड्यांचा कट, हत्याराची मूठ, बाईच्या डोक्यावरचं गाठोडं यासाठी चित्रं खुशाल वापरा. 'ते असेच मजेत राहत' यासाठी वापरू नका.

आणि स्वतः लिहिणारे

काही थोडे आवाज थेट पोचतात. पाउल डोल्नश्टाइन हा बांधकामातला कारागीर, अधूनमधून सैनिकी करणारा. १५०२ मध्ये तो स्वीडनमधल्या मोहिमेत होता. त्याची चित्रवही आजही वायमारच्या अभिलेखागारात आहे. चित्रं साधी, शेजारी हातानं खरडलेला मजकूर. हा माणूस कधी गवंडी, कधी सैनिक. 'सैनिक' हा कायमचा पेशा मानणं किती चूक ठरेल, हे यावरून कळतं.

सेबास्टियान शेर्टलिन विद्यापीठात शिकला, मग युद्धात शिरला. इटलीच्या मोहिमेतून सुमारे १५,००० गुल्डेन घेऊन आल्याचं त्यानंच आत्मचरित्रात लिहिलं आहे. नंतर त्यानं बुर्टेनबाखची जहागीर विकत घेतली. उलरिश श्मिडेल हा श्ट्राउबिंगचा. १५३४ मध्ये तो स्पॅनिश ताफ्याबरोबर दक्षिण अमेरिकेला गेला, नव्यानं वसवलेल्या ब्युनोस आयर्समधली उपासमार त्यानं भोगली आणि तब्बल वीस वर्षांनी परतला.

आता मोह आवरा. शेर्टलिनचे १५,००० गुल्डेन म्हणजे साध्या सैनिकाचे ३,७५० महिन्यांचे पगार. लिहिणारे बहुधा जगलेले, शिकलेले आणि यशस्वी झालेले असतात. तापानं खोपटीत गेलेल्यानं आत्मचरित्र लिहिलेलं नाही.

रोम, १५२७

आतापर्यंत वाचून तुम्हाला या लोकांबद्दल थोडी आपुलकी वाटू लागली असेल. दैनंदिन जीवनाच्या इतिहासात हे होतंच. म्हणून आता रोमकडे जाऊ.

नोव्हेंबर १५२६ मध्ये गेओर्ग फॉन फ्रुन्ड्सबेर्ग सुमारे १२,००० लांड्सक्नेख्ट घेऊन आल्प्स ओलांडून इटलीत उतरला. पैशासाठी त्यानं स्वतःची मालमत्ता गहाण टाकली होती. सम्राट पाचव्या चार्ल्सकडून पगार येईना. १६ मार्च १५२७ रोजी बोलोन्याजवळच्या तळावर सैनिक उठले. 'बाप' मानल्या जाणाऱ्या फ्रुन्ड्सबेर्गनं त्यांना समजावलं, पण ते ऐकेनात. तिथंच त्याला पक्षाघाताचा झटका आला. तो नंतर कधी सावरला नाही. फौज मात्र दक्षिणेकडे चालत राहिली.

६ मे रोजी ती रोमच्या तटावर चढली. सेनापती बूर्बों पहिल्याच हल्ल्यात पडला. पोपच्या १८९ स्विस गार्डांपैकी १४७ मारले गेले. पोप सातवा क्लेमेंट सांत आंजेलोच्या किल्ल्यात पळाला. मग शहरात कत्तल, बलात्कार, खंडणीसाठी छळ. पोपनं ४,००,००० डुकाट द्यायचं कबूल केलं. फौज हलली ती फेब्रुवारी १५२८ मध्ये, आणि तोवर तिच्यातलेही कित्येक प्लेगनं गेले होते. स्पॅनिश आणि इटालियन सैनिकही या लुटीत होते, हेही नोंदवायला हवं.

फार्नेसिना या महालाच्या भित्तिचित्रावर एका जर्मनानं १५२८ साल घालून ओरखडलेलं आजही दिसतं. आशय असा, की लांड्सक्नेख्टांनी पोपला पळवलं, मग लिहिणाऱ्यानं हसू नये तर काय. आपण शोधत होतो तो साध्या माणसाचा आवाज इथं आहे, आणि तो हसतो आहे.

पगार थकला होता हे कारण खरं आहे. धर्मसुधारणेतून आलेला पोपद्वेष हेही खरं. पण 'पगार थकला म्हणून' हे वाक्य लिहिताना त्या घरांतल्या माणसांकडे पाठ फिरवून ते लिहिता येत नाही. कारण देणं आणि माफ करणं यांत फरक आहे, आणि तो वाचकाला दिसेल असं लिहिणं ही आपली जबाबदारी. याच लोकांपैकी काहींनी १५२५ मध्ये बंडखोर शेतकऱ्यांवर शस्त्र चालवायला नकार दिला होता, आणि शेतकऱ्यांच्या बाजूलाही जुने लांड्सक्नेख्ट होते. तेही लिहायचं. दोन्ही गोष्टी एकाच प्रकरणात येऊ द्या.

तुमच्या सिनॉप्सिससाठी

'दैनंदिन जीवन' हा शब्द लिहिण्याआधी कागदावर तीन रकाने करा. पहिल्यात : हे साधन कुणी, कुणासाठी, कशासाठी तयार केलं? (हजेरीची यादी, नियमपत्रक, ठशाचं चित्र आणि आत्मचरित्र यांची उत्तरं वेगवेगळी येतात, हे वर पाहिलंच.) दुसऱ्यात : यात कोण दिसत नाही? (ट्रॉसमधली बाई, हिवाळ्यात भीक मागणारा सैनिक, रोममधला घरमालक.) तिसऱ्यात : ते दिसायला शेजारी कोणतं दुसरं साधन ठेवावं लागेल?

तिसरा रकाना रिकामा राहिला तर विषय सोडायचं कारण नाही, फक्त शीर्षक लहान करा. 'दैनंदिन जीवन' ऐवजी 'पगार आणि त्यावरचे वाद' असं लिहिलं तरी प्रबंध होतो, आणि बऱ्याचदा जास्त चांगला होतो. तुमचे तीन रकाने भरले की खाली लिहा. तिसऱ्यात अडलात तर नक्कीच लिहा, मिळून शोधू.